पलीकडच्या खाटेचे पाहुणे

गेल्या पंधरवड्यात शीळफाट्याजवळ राहणाऱ्या एका आजींचे पत्र आले. वहीची चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, अक्षर वळणदार. सून बाळंत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली, मुलगी झाली आणि आजी चार दिवस व चार रात्री तिच्या सोबतीला रुग्णालयात राहिल्या. वॉर्ड सोळा खाटांचा. त्यांच्याच शब्दांत सांगते : ‘पलीकडच्या खाटेवरच्या मुलीकडे दुपारी तीनपासून रात्री साडेनऊपर्यंत माणसांची रीघ होती. एका वेळी मी अकरा मोजली. काही खाटेवर, काही आमच्या स्टुलावर, लहान मुले खाटेखाली. मोबाइलवर गावाकडच्यांना बाळ दाखवणे चालले होते आणि पलीकडून बोलणाऱ्यांचा आवाज सगळ्या वॉर्डाला ऐकू येत होता. सून भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी काही बोलले नाही. या वयात भांडण अंगावर घ्यायचे नव्हते. घरी आल्यापासून मात्र मनात तेच घोळते आहे. मी काय म्हणायला हवे होते?’

वाचकहो, या परिसरातल्या बाळंतिणी कळव्याला जातात, डोंबिवलीला आणि कल्याणला जातात, कधी वाशीलाही. हे कोणत्या रुग्णालयात घडले, ते आजींनी लिहिलेले नाही आणि मीही विचारणार नाही, कारण हे सगळीकडेच घडते. पलीकडची माणसे कोणत्या समाजाची होती, हे मात्र त्यांनी लिहिले होते. ते मी गाळले आहे. आयुष्याची ३१ वर्षे मी परिचारिका म्हणून काम केले, त्यांतली १९ बाळंतिणींच्या वॉर्डात. पाहुण्यांचा गोंगाट ही कोणा एका जातीची वा धर्माची मिरास असल्याचे मला कधी दिसले नाही. आपल्या खाटेभोवतीच्या बोलण्याला आपण गप्पा म्हणतो आणि शेजारच्या खाटेभोवतीच्या बोलण्याला गोंधळ.

प्रथम त्या अकरा जणांविषयी. शीळफाट्याचा रस्ता ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. कल्याणकडून येणारा रस्ता, मुंब्रा-पनवेल रस्ता आणि महाप्याकडचा रस्ता असे सगळे तिथे एकमेकांच्या अंगावर येतात. अवजड वाहनांची रांग, त्यात मेट्रोचे काम. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा याच शीळफाट्यापाशी संपायचा आहे, पण बाळ पाहायला येणारे मामा-मावशी अजून वरच्या रस्त्यानेच येतात. भेटीची वेळ चार ते सहा असते. घरून तीनला निघालेला माणूस सहाला दहा मिनिटे कमी असताना दारात पोहोचतो, कपाळावरचा घाम पुसत, हातात केळी घेऊन. दोन-अडीच तास कोंडीत काढलेला पाहुणा दहा मिनिटांत कसा उठणार? शिवाय गाडी एकच, म्हणून त्यात बसतील तेवढे सगळे एकदम. वॉर्डातल्या गर्दीचे निम्मे कारण असे रस्त्यावर असते. उरलेले निम्मे निखळ आनंदाचे असते, हेही मान्य केले पाहिजे. बाळाला पाहायला कोणीच आले नाही, अशा खाटाही मी पाहिल्या आहेत. त्या फार शांत असतात.

म्हणून आजींच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी, त्या आवाजाने बिघडते काय, ते पाहू. ‘चार तासांची तर गोष्ट, सहन करावे’ असे म्हणणारे घरात नेहमी कोणीतरी असते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली जी मार्गदर्शक पातळी सुचवली, ती रुग्णांच्या खोलीसाठी सुमारे ३० डेसिबलची आहे. रात्री एखादा आवाज अचानक झाला, तरी तो ४० च्या वर जाऊ नये, असेही तिच्यात म्हटले आहे. दोन माणसांचे साधे बोलणे ६० च्या आसपास असते. ही मोजपट्टी बेरजेची नाही. दर दहा डेसिबलला आवाज कानाला सुमारे दुप्पट वाटतो. म्हणजे ३० च्या जागी ६० झाले, तर ऐकणाऱ्याला तो दुप्पट नव्हे, आठपटीच्या घरात जाणवतो. त्यातही अकरा माणसे असली, की प्रत्येकाला आपले बोलणे दुसऱ्याच्या वर न्यावे लागते, दुसऱ्याला तिसऱ्याच्या. कोणी मुद्दाम ओरडत नाही, तरी सगळे ओरडत असतात. आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि तिथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. त्या क्षेत्रात हॉर्न वाजवायला मनाई. आत मामांना मनाई करणारा नियम कोण लिहिणार?

बाळाची काळजी सगळ्यांना वाटते, पण पुरत्या दिवसांच्या निरोगी बाळाचे कान पाहुण्यांच्या बोलण्याने बिघडत नाहीत. आजींनी ती भीती मनातून काढून टाकावी. ते आईच्या पोटात असतानाही आवाज ऐकतच होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची गोष्ट निराळी. त्यांच्या विभागात आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्ये सुचवले होते. निरोगी बाळ दचकते, हात पसरते, बोटे फाकवते, जांभया देते, उचक्या देते, तोंड फिरवते. ‘पुरे झाले’ असे सांगण्याची त्याची भाषा एवढीच. ‘बघा, मला हात करतोय’ असे म्हणून आपण त्याला पुढच्या हातात देतो.

खरा त्रास आईला होतो. नवजात बाळ २४ तासांत आठ ते बारा वेळा पिते. म्हणजे आईला सलग झोप मिळण्याची शक्यता मुळातच नसते. दोन पाजण्यांमधला तास-दीड तास हीच तिची रात्र आणि हीच दुपार. पाहुणे नेमके त्याच तासात बसतात, कारण बाळ पिताना पुरुषमंडळींना बाहेर थांबावे लागते आणि पिणे झाले की ‘आता या’ म्हणून बोलावले जाते! शिवाय पान्हा सुटणे ही नुसती छातीची गोष्ट नाही. मेंदूतून स्रवणाऱ्या ज्या द्रव्याने पान्हा सुटतो, त्याला भीती, संकोच आणि वेदना आवरून धरतात. आपल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होते. गाय अनोळखी माणसापुढे पान्हा चोरते, हे त्यांनी गोठ्यात पाहिले होते. सात-आठ जणांपुढे पदर सावरत बसलेल्या पहिलटकरणीला दूध उतरले नाही, तर ‘हिला दूधच नाही’ असा शिक्का बसतो आणि संध्याकाळी कोणीतरी पावडरचा डबा आणून देते. पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक थोडाच असतो आणि बाळाला तो थोडाच पुरतो. तो पाजायला एकांत द्या, डबा नको.

आता मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंचवीसेक वर्षे झाली. मी ज्या रुग्णालयात होते, त्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही. चूक माझी होती. दुपारी बाळंत झालेली एक मुलगी, बावीस वर्षांची, पहिला मुलगा. संध्याकाळी तिच्या खाटेभोवती नऊ माणसे : सासरे, थोरले दीर, नवऱ्याचे दोन मित्र, आत्या, चुलत सासू. ती गळ्यापर्यंत चादर ओढून हसत पडली होती. मी दोनदा तिच्यावरून गेले. दोन्ही वेळा ती माझ्याकडे पाहून हसली. सासऱ्यांनी मला पेढा दिला, मी तो गणवेशाच्या खिशात ठेवला. साडेसहाला सगळे गेले आणि तिच्या आईने चादर उचलली, तेव्हा रक्त गादीपर्यंत झिरपले होते. खालचे कापड ओले झाल्याचे तिला पाऊण तासापासून कळत होते. सासरे आणि दीर समोर उभे असताना ‘अंगावरून फार जातंय’ हे कसे सांगायचे, म्हणून ती हसत राहिली. गर्भाशय आकसले नव्हते, सैल पडले होते. आम्ही पोटावरून ते चोळले, इंजेक्शन दिले, सलाईन लावले, डॉक्टर धावत आले, रक्ताच्या दोन बाटल्या द्याव्या लागल्या. ती वाचली. रात्री घरी गेल्यावर खिशात पेढा सापडला. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी भेटीच्या वेळेत मध्येच सगळ्यांना पाच मिनिटे बाहेर काढत असे आणि चादर उचलून पाहत असे. लोक रागावत. रागावू देत.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा सर्वांत मोठा धोका पहिल्या २४ तासांत असतो, हे सोबतीला बसणाऱ्या प्रत्येक आजीने लक्षात ठेवावे. सिस्टर येतीलच, पण त्यांच्याकडे खाटा पुष्कळ असतात. पहिल्या दिवशी दर अर्ध्या तासाने, खाटेभोवती कोणीही असो, ‘जरा बाहेर थांबा’ म्हणून जागा मोकळी करावी आणि मुलीच्या कानाशी जाऊन सरळ विचारावे : किती भिजले? तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, चक्कर येत असेल, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीत दुखत वा दम लागत असेल, थंडी वाजून ताप असेल, तर सिस्टरना त्याच क्षणी हाक मारावी. तिथे संकोच नको आणि ‘बाळंतपणात असे व्हायचेच’ हे वाक्यही नको.

जुन्या घरांतली बाळंतिणीची खोली पुष्कळांना आठवत असेल. माजघराच्या आत, दाराला जाड पडदा, बाहेरून आलेल्याने हातपाय धुवायचे, हात शेगडीवर शेकायचे आणि मगच बाळाला घ्यायचे. दहा दिवस वृद्धी म्हणजे येणे-जाणे बेताचेच. पाचवीला सटवाईची पूजा झाली, तरी पुरुषमाणूस उंबऱ्याबाहेर. त्या रीतीत विटाळाची कल्पना होती, ती गेली हे उत्तम झाले. धूर, अंधार आणि कोंडलेली हवा होती, तीही गेली. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजे पुढे डॉक्टर झालेली आनंदीबाई, चौदाव्या वर्षी आई झाली आणि तिचा मुलगा अवघा दहा दिवस जगला. वैद्यकीय मदत मिळाली असती तर, या विचाराने तिला समुद्रापार नेले. १८८६ मध्ये तिने पदवी घेतली, तेव्हा प्रबंधाचा विषयही हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. तेव्हा जुन्या खोलीचे गोडवे गाऊ नयेत. पण त्या खोलीने बाळंतिणीला एक गोष्ट दिली होती : तिच्यापर्यंत पोहोचायला मध्ये एक उंबरा होता आणि त्या उंबऱ्यावर एक म्हातारी बसलेली असे. प्रसूती रुग्णालयात गेली, हे योग्यच झाले. उंबरा मात्र घरीच राहिला.

शांततेचा विचार रुग्णालयांनाही नवा नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ च्या शुश्रूषेवरील पुस्तकात आवाजावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. गंमत अशी, की एका ओळीत मांडलेल्या खाटांच्या ज्या लांबलचक मोकळ्या वॉर्डाने आज सगळ्यांचे सगळे सगळ्यांना ऐकू येते, त्यालाही त्यांचेच नाव आहे. त्या प्रकरणातले एक निरीक्षण मला फार उपयोगी पडले. मोठ्या आवाजाइतकाच रुग्णाला कुजबुजीचाही त्रास होतो, कारण आपल्याविषयी काय बोलताहेत, ते ऐकण्यासाठी तो कान ताणून राहतो. म्हणून खाटेपाशी कुजबुजू नये. हळू, पण स्पष्ट बोलावे.

हे लिहिताना मला आजींच्या पत्राचे तिसरे पान पुन्हा वाचावेसे वाटले. पलीकडच्या खाटेवर मुलगा झाला होता, पेढे वाटले जात होते. एक पेढा आजींच्या सुनेलाही देण्यात आला आणि देणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘पहिली बेटी, धनाची पेटी. वाईट नका वाटून घेऊ.’ समोरच्या खाटेवरच्या मुलीचे बाळ पेटीत ठेवले होते, तिच्याजवळ पाळणा नव्हता. ‘तुझं बाळ कुठाय गं?’ असे तिला एका दुपारात चार जणींनी विचारले. आजी, तुमची सून आवाजामुळेच रडत होती का? मला शंका आहे. तिला निवांतपणे विचारून पाहा. ती म्हणेल तेच खरे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेक मुलींना उगाचच रडू येते आणि आठवड्याभरात ते ओसरतेही. दोन आठवडे उलटूनही रडू, झोप न लागणे, बाळाकडे पाहावेसेच न वाटणे चालू राहिले, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवे. आणि पाळणा नसलेल्या खाटेपाशी कधी काही विचारू नये. पाण्याची बाटली भरून देऊ का, एवढे विचारले तरी पुरे.

आता मूळ प्रश्न. काय म्हणायचे?

पहिली गोष्ट, ते बाळंतिणीने म्हणू नये आणि तिच्या नवऱ्यानेही शक्यतो म्हणू नये. दोन तरुण पुरुष वॉर्डात समोरासमोर आले, की आवाजाचा प्रश्न मानाचा होतो. हे काम आजीचे. आपल्या जागेवरून ‘अहो, हळू बोला’ असे म्हणू नये, कारण मग सगळा वॉर्ड त्यांच्याकडे पाहतो आणि माणूस लाजला की आणखी मोठ्याने बोलतो. उठावे, त्यांच्या खाटेपाशी जावे, आधी बाळ पाहावे, आईची चौकशी करावी. मग त्यांच्यातली सर्वांत वयस्क बाई शोधून तिच्याशीच बोलावे : ‘आमच्या सुनेचे टाके ताजे आहेत. रात्रभर जागी होती, आत्ता कुठे डोळा लागलाय. तासभर जरा आवाज बेतात ठेवता का?’ त्यात तासभर हा शब्द महत्त्वाचा. कायमचे गप्प बसा म्हटलेले कोणी ऐकत नाही, तासभर मात्र बहुतेक माणसे ऐकतात. आणि त्यांची बाळंतीण झोपेल, तेव्हा आपणही आपली माणसे घेऊन बाहेर जाऊ, असे आपणहून सांगावे. पलीकडच्या मुलीलाही त्या अकरा जणांचा त्रास होतच असतो. तिला तसे म्हणता येत नाही आणि तुम्ही म्हटलेले तिच्याही कामी येते. मी हे अनेकदा पाहिले आहे. पाहुणे निघून गेल्यावर ती पलीकडूनच तुमच्याकडे पाहून हसते.

त्याने भागले नाही, तर सिस्टरकडे जावे, पण तक्रार घेऊन नव्हे. ‘पडदा मिळेल का’, ‘भिंतीकडची खाट रिकामी झाली तर बदलून मिळेल का’, ‘दाराशी पास पाहतात का’ असे नेमके काहीतरी मागावे. गर्दीवर ओरडण्यात दोन सिस्टरची सगळी संध्याकाळ जाते, हे मी अनुभवाने सांगते. शिफ्ट बदलताना सिस्टरना गाठू नये, तेव्हा त्या एकमेकींना रुग्ण सोपवत असतात. केंद्र सरकारच्या २०१७ पासूनच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात बाळंतिणीला प्रसूतीच्या वेळी सोबत असावी आणि तिचा मान व खासगीपण राखले जावे, असे सरकारी प्रसूतिकक्षांकडून अपेक्षित आहे. तेव्हा पडदा मागताना ओशाळायचे कारण नाही. एक मात्र करू नये. पुरावा म्हणून मोबाइलवर त्या गर्दीचे चित्रण करू नये. त्या चौकटीत आणखी चार जणी पदर पाडून बसलेल्या असतात.

आपल्या माणसांचे काय? तिथे आजोबा कामाला येतात. वॉर्डात त्यांना बसायला जागा नसते, करायला काम नसते, म्हणून ते मोठ्याने बोलतात. त्यांना खाली, रुग्णालयाच्या आवारातल्या बाकावर बसवावे. चहाचा थर्मास, पेढ्यांचा किंवा बर्फीचा पुडा आणि पास त्यांच्याकडे द्यावा. येणाऱ्याने आधी आजोबांना भेटायचे, कोंडीत किती वेळ गेला ते त्यांना सांगायचे, चहा घ्यायचा, बाळ कोणासारखे दिसते यावर तिथेच मनसोक्त वाद घालायचा आणि मग दोघादोघांनी पाच मिनिटे वर जाऊन यायचे. दोन तास प्रवास करून आलेल्याला खरे तर बसून बोलायला माणूस हवे असते, ते खाली मिळते. खोकला, सर्दी, ताप किंवा अंगावर पुरळ असलेला पाहुणा आजोबांनी खालूनच परत पाठवावा. मानाचा असला, तरी. तुमच्यापैकी कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर आधी तो तपासून घ्यावा, मग नात पाहावी. बाळाचा मुका कोणीच घेऊ नये. ओठांवर साधे फोड आणणारा विषाणू नवजात बाळाला जिवावरचे दुखणे देऊ शकतो. हात साबणाने धुऊनच बाळाला घ्यावे. पूर्वी शेगडीवर शेकत, आता नळ आहे.

आता एक नाजूक गोष्ट, आपल्या वयाची. वय वाढते तसे आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. माणसे बोलतात ते ऐकू येते, पण शब्द लागत नाहीत. मग आपण मोठ्याने बोलू लागतो, समोरचाही मोठ्याने बोलतो आणि मोबाइल स्पीकरवर ठेवावाच लागतो. आमच्या घरी यजमान मला गुपित सांगतात, तेव्हा खालचा वॉचमन मान डोलावतो. वॉर्डातल्या अनेक मोठ्या आवाजांमागे असे एक म्हातारे, अर्धवट ऐकणारे माणूस असते, हे पलीकडच्यांना समजून घेता येईल आणि आपल्याला स्वतःविषयीही कळेल. यावर उपाय साधा आहे. श्रवणयंत्र असेल तर ते घरी कपाटात न ठेवता घालून जावे. फोन आला की वॉर्डाबाहेर जिन्यापाशी जाऊन बोलावे. गावाकडच्यांना बाळ दाखवायचे असेल, तर आवाज बंद करून दाखवावे. चेहरा पाहायला आवाज लागत नाही.

रात्री बाळंतिणीने कानात बोळे घालू नयेत, तिला बाळ ऐकू यायला हवे. त्याऐवजी बाळ पिऊन झोपले, की आजीने उशाशी बसून म्हणावे, ‘मी जागी आहे, तू झोप.’ या एका वाक्याने लागलेली झोप कोणत्याही गोळीने लागत नाही. मात्र आजीनेही दिवसा तीन-चार तास कोणालातरी पाळी देऊन घरी झोपून यावे. सोबतीला बसून स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या विसरलेल्या आज्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. त्यांतल्या एकीला त्याच रुग्णालयात दाखल करावे लागले.

घरी आल्यावरही हे संपत नाही. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाकडे आशाताई जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येणे अपेक्षित असते.  या दिवशी बाकीच्या पाहुण्यांना बोलावू नये. तिला बाळाचे वजन घ्यायचे असते, मुलीशी चार शब्द एकटीने बोलायचे असतात.

आणि आजी, तुमच्या पत्राच्या शेवटी एक ताजा कलम आहे, तो मी विसरलेले नाही : ‘रविवारी बारशाला गावाहून आमची माणसे येणार आहेत. चौदा.’

बारसे सव्वा महिन्याने केले, तरी चालते. पण आमंत्रणे गेली असतील, तर निदान एवढे करावे. माणसे शेजारच्यांच्या दिवाणखान्यात किंवा सोसायटीच्या गच्चीवर बसवावीत, दाराशी साबण आणि पंचा ठेवावा. शीळफाट्याहून आलेल्यांना आधी पाणी द्यावे. नाव ठेवण्यापुरते बाळ बाहेर आणावे आणि लगेच आत न्यावे. सुनेच्या खोलीची कडी आतून लागते का, ते शनिवारीच पाहून ठेवावे.